तारेचा बदली कोण?

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शाळेचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीशी संबंध आला तो घरी बोलण्यापुरता आणि शंभर मार्कांच्या पेपरपुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने पोटात घालाव्यात. आणि मराठी विभाग म्हटल्यावर पहिला पाऊस, कॉलेजचा कट्टा किंवा 'मैत्री म्हणजे काय असतं' असं काही वाचायला मिळेल अशी अपेक्षा असेल, तर खुशाल पान उलटा. मी लिहिणार आहे माऊसबद्दल. कॉम्प्युटरच्या माऊसबद्दल, त्यातही बिनतारी माऊसबद्दल.

हसू नका. ह्याच माऊसने मागच्या सेमिस्टरला भर व्हायवात माझी लाज काढली, म्हणून तर हा लेखप्रपंच!

झालं असं, की आमच्या ग्रुपच्या मिनी प्रोजेक्टचा डेमो होता. लॅपटॉपला बॅकअपची हार्ड डिस्क लावलेली, तिच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये नव्या कोऱ्या माऊसचा नखाएवढा रिसीव्हर. माऊस मी आदल्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. (पाटीवर 'डॉ. भडकमकर मार्ग' लिहिलेलं असतं, पण आपल्यासारख्यांची ती पंढरी लॅमिंग्टन रोड ह्याच नावाने ओळखली जाते. गिरगावातल्या आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं.) समोर एक्स्टर्नल बसलेले. मी ऐटीत माऊस हलवला आणि कर्सर जागचा हलेना. मग एकदम उडी मारून स्क्रीनच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. पुन्हा अडकला. क्लिक एकदा लागत होतं, एकदा नाही. मी कसनुसं हसत म्हटलं, "सर, वायरलेस आहे ना, कधी कधी होतं असं."

सर शांतपणे म्हणाले, "हो, होतं. पण का होतं?"

संपलं! मी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॉड्युलेशनचे ब्लॉक डायग्राम झोपेतून उठवलं तरी काढून दाखवीन. पण टेबलावरच्या सहाशे रुपयांच्या वस्तूत काय चाललंय ते मला सांगता येईना. "बॅटरी डाऊन असेल, सर," असं काहीतरी पुटपुटले. बॅटरी मी आदल्या रात्रीच बदलली होती. मार्क गेले ते गेलेच, पण त्याहून जास्त टोचलं ते 'होतं असं' हे माझंच वाक्य. असं उत्तर डॉक्टरने पेशंटला दिलं तर आपण त्याच्याकडे परत जाऊ का?

त्या रविवारी मी लालबागला आजोबांकडे गेले. आजोबा परळच्या एका गिरणीत साचे खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. साचा म्हणजे माग, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. लॅपटॉप टीपॉयवर ठेवून मी त्यांना प्रोजेक्ट दाखवायला लागले, तर त्यांचं लक्ष प्रोजेक्टकडे नव्हतंच. त्यांनी माऊस उचलला, उलटा केला, सगळीकडून बघितला.

"ह्याची तार कुठे आहे गं?"

"नसते, आजोबा. वायरलेस आहे. बिनतारी."

"ते दिसतंय मला. तार रजेवर गेली. मग तिचा बदली कोण?"

आता ज्यांच्या घरी कोणी गिरणीत नव्हतं त्यांच्यासाठी सांगते. कायम कामगार रजेवर गेला किंवा आलाच नाही, की गेटवर थांबलेल्यांपैकी एकाला त्या पाळीपुरतं त्याच्या जागी उभं करत. तो बदली कामगार. आजोबा स्वतः कित्येक वर्षं बदली होते, मग कायम झाले. माणूस नाही म्हणून त्याचं काम थांबत नाही, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतं, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

मी म्हटलं, "रेडिओ लहरी."

"एकटीच? तार काय एकच काम करत होती?"

आणि मित्रांनो, इथे माझी ट्यूब पेटली. 'वायरलेस' काय किंवा 'बिनतारी' काय, दोन्ही शब्द फक्त काय नाही तेवढं सांगतात. काय आहे ते सांगतच नाहीत. मी वही काढली आणि तार नक्की कोणकोणती कामं करत होती ह्याची यादी केली. चार निघाली. वीज पोचवणं, निरोप पोचवणं, ओळख पटवणं आणि गुपित राखणं.

त्याआधी माऊस मुळात करतो काय ते बघू, कारण ते काम तारेचं कधीच नव्हतं. पहिला माऊस १९६४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाला. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, बनवला बिल इंग्लिश यांनी. लाकडी ठोकळा आणि त्याच्या खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं. एक चाक आडवं सरकणं मोजायचं, दुसरं उभं. ९ डिसेंबर १९६८ ला एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तो लोकांना जाहीर दाखवला. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. बाबा सांगतात, ती काढून रोलरवर बसलेला मळ नखाने खरवडणं हे ऑफिसमधलं आठवड्याचं काम असायचं.

आता गोळी गेली, डोळा आला. तुमच्या माऊसच्या पोटात एक चिमुकला कॅमेरा आहे. एक एलईडी टेबलावर तिरका उजेड टाकतो, त्यामुळे पृष्ठभागाच्या बारीक खडबडीच्या सावल्या पडतात आणि कॅमेरा त्यांचे फोटो काढतो. फोटो म्हणजे काय, तर सुरुवातीच्या सेन्सरमध्ये जेमतेम १६ बाय १६ किंवा १८ बाय १८ ठिपके. पण असे फोटो सेकंदाला हजारावर! १९९९ मध्ये ऑप्टिकल माऊस घरोघरी पोचायला सुरुवात झाली तेव्हाच हा वेग सेकंदाला १,५०० फोटो होता. आतली चिप लागोपाठचे दोन फोटो एकमेकांवर सरकवून बघते आणि कुठे जास्तीत जास्त जुळतात ते शोधते. जेवढं सरकवावं लागलं तेवढा माऊस हलला. बस्स, एवढाच फंडा!

आजोबांच्या टीपॉयवर काच आहे. त्यावर माझा माऊस ढिम्म हलेना. काचेवर खडबड नाही, सगळे फोटो सारखेच, मग सरकलं काय ते कळणार कसं? आजोबांनी खाली कालचा पेपर सारला आणि कर्सर लगेच पळायला लागला. छापील अक्षरं, कागदाचे तंतू... साध्या ऑप्टिकल माऊसला ह्यापेक्षा चांगलं मॅट नाही.

आता तारेची चार कामं आणि त्यांचे बदली.

पहिलं काम वीज. यूएसबीची तार माऊसला ५ व्होल्ट आयते पुरवते. तार गेली की घरचा डबा आणावा लागतो, म्हणजे बॅटरी. एक साधं गणित करू. सेन्सर आणि एलईडी मिळून सतत २० मिलिअँपिअर खातात असं धरा. पेन्सिल सेल साधारण २,००० मिलिअँपिअर-तासांचा. भागाकार केला तर १०० तास, म्हणजे चार दिवसांत सेल खलास. प्रत्यक्षात तर तो महिनोनमहिने चालतो. कारण बिनतारी माऊस झोपतो! हात थांबला की काही सेकंदांत तो फोटो कमी काढायला लागतो, मग आणखी कमी, मग गाढ झोप. हलवलं किंवा क्लिक केलं की जागा होतो. बऱ्याच वेळाने हात लावल्यावर पहिला क्षणभर तो मख्ख वाटतो तो ह्यामुळेच. "पाळी चालू असताना झोपतो?" आजोबांनी विचारलं. म्हटलं, काम नसेल तेव्हाच. "मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी पहिला बदली पास केला.

दुसरं काम निरोप. माऊस फोटो पाठवत नाही. 'एवढं उजवीकडे, एवढं वर, डावं बटण दाबलंय' इतकाच काही बाइटचा निरोप, सेकंदाला साधारण १२५ वेळा. सुरुवातीला हे काम इन्फ्रारेड किरणांना दिलं होतं, टीव्हीच्या रिमोटसारखं. पण मध्ये चहाचा कप आला तरी निरोप अडायचा. १९९१ मध्ये लॉजिटेकने रेडिओ लहरींवर चालणारा माऊस आणला. पुढची बरीच वर्षं हे माऊस २७ मेगाहर्ट्झवर चालायचे. ह्या लहरीची लांबी ११ मीटर, म्हणजे तिच्या पाव लांबीचा अँटेना करायचा तर पावणेतीन मीटर! तेवढा कुठून बसवणार? त्यामुळे आखूड अँटेना, कमजोर पोच आणि साबणाच्या वडीएवढा रिसीव्हर. (त्या रिसीव्हरला तार असायची हा आणखी एक विनोद.) आता काम चालतं २.४ गिगाहर्ट्झवर. लहर साडेबारा सेंटिमीटरची, पाव भाग तीन सेंटिमीटर. म्हणून रिसीव्हर नखाएवढा होऊ शकला.

आजोबांनी विचारलं, "ह्याला लायसन लागतं का?" मी हसले, पण प्रश्न बरोबर होता. पूर्वी घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागे, त्यांच्या वडिलांनी काढलं होतं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारत सरकारने जानेवारी २००५ मध्ये लायसनमुक्त केला. म्हणजे तो सगळ्यांना फुकट. आणि फुकट म्हटल्यावर तिथे काय होणार? गणपतीत लालबागला जे होतं तेच! वायफाय तिथे, ब्लूटूथ तिथे, मायक्रोवेव्ह ओव्हनची गळतीही तिथेच.

ह्या गर्दीतून वाट काढायची ब्लूटूथची पद्धत मला फार आवडली. मूळच्या ब्लूटूथने ह्या पट्ट्याचे ७९ चॅनेल केले आणि सेकंदाला १,६०० वेळा चॅनेल बदलायचं ठरवलं. (मी एकोणसत्तर म्हटलं, आजोबांनी "एकोणऐंशी!" म्हणून दुरुस्त केलं. कॉन्व्हेंट!) कमी वीज खाणाऱ्या नव्या ब्लूटूथमध्ये ४० चॅनेल आहेत. नुसता रिसीव्हर वापरणारे माऊसही गर्दी बघून चॅनेल बदलतात. प्रत्येक निरोपाबरोबर तपासणीचा आकडा जातो. निरोप नीट मिळाला की रिसीव्हर पोच देतो, पोच आली नाही की माऊस तोच निरोप परत पाठवतो.

आणि इथेच मला व्हायवाच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. यूएसबी ३.० च्या वायरीतून डेटा सेकंदाला ५ गिगाबिट इतक्या वेगाने पळतो, आणि त्याचा जो विद्युत गोंगाट बाहेर सांडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केलंय. माझी हार्ड डिस्क यूएसबी ३.० ची होती आणि रिसीव्हर तिला अगदी खेटून! म्हणजे कुणीतरी कानाशी ताशा बडवतंय आणि मी लांबून कुजबुजतेय. घरी येऊन प्रयोग केला. डिस्क लावून कॉपी सुरू केली, कर्सर अडखळला. रिसीव्हर दीड हात लांबीच्या एक्स्टेन्शन वायरने दूर नेला, कर्सर लोण्यासारखा फिरला. साठ रुपयांची वायर. सरांना हेच सांगता आलं असतं तर!

तिसरं काम ओळख. तार कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. हा माऊस ह्या कॉम्प्युटरचा, विषय संपला. हवेत मात्र सगळ्यांचे निरोप एकत्र. म्हणून प्रत्येक माऊसला काही बाइटचा पत्ता असतो, तो रिसीव्हरला आधी माहीत करून द्यायचा, त्याला आपण पेअरिंग म्हणतो. आपल्या टेक्निकल फेस्टिव्हलच्या रजिस्ट्रेशन डेस्कवर एकसारखे पाच माऊस आणि त्यांचे पाच रिसीव्हर एकाच पिशवीत आले होते, आठवतंय? एकजण माऊस हलवायचा आणि कर्सर तिसऱ्याच्याच लॅपटॉपवर फिरायचा. अर्धा तास लाईन खोळंबली. तार असती तर हा प्रश्नच आला नसता.

चौथं काम गुपित राखणं. हे तार इतकं गुपचूप करत होती, की ते काम आहे हेच कुणाच्या लक्षात आलं नाही. तारेतलं बोलणं ऐकायला तारेपर्यंत हात पोचवावा लागतो. रेडिओ लहरी भिंतीतून पलीकडे जातात. भिंतीला कान असतात असं आपण म्हणतो, इथे तर भिंतच नाही! कीबोर्डवर आपण पासवर्ड टाइप करतो, म्हणून बिनतारी कीबोर्डचे निरोप बहुतेक कंपन्या कुलूप लावून, म्हणजे एन्क्रिप्ट करून पाठवत होत्या. माऊसचं काय ऐकायचंय, 'जरा डावीकडे, जरा उजवीकडे'? म्हणून त्याचे निरोप उघडेच ठेवले.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल नावाच्या अमेरिकन कंपनीतल्या संशोधकांनी ह्यातली गोम दाखवून दिली. त्यांनी तिला नाव दिलं 'माऊसजॅक'. सात कंपन्यांची, ब्लूटूथ नसलेली, रिसीव्हरवर चालणारी उपकरणं त्यात सापडली. प्रश्न माऊसचं ऐकण्याचा नव्हताच. त्यातले बरेच रिसीव्हर माऊसच्या उघड्या दाराने आलेला निरोपही न तपासता आत घेत होते, मग त्या निरोपात 'हे बटण टाइप करा' असं लिहिलेलं का असेना! म्हणजे पंधराएक डॉलरचा रेडिओ घेऊन शंभर मीटरपर्यंतच्या अंतरावर बसलेला माणूस माऊस असल्याचं सोंग घेऊन तुमच्या कॉम्प्युटरवर वाटेल ते टाइप करू शकत होता. शंभर मीटर म्हणजे आमच्या वाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काही कंपन्यांनी दुरुस्ती काढली, पण कित्येक रिसीव्हर असे होते की त्यांच्यातला प्रोग्रॅम नंतर बदलायची सोयच नव्हती.

मी हे आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तीन जागी बदली भरले आणि चौथी जागा रिकामी ठेवली." थोडं थांबून म्हणाले, "काढणाऱ्याला वाटतं, एवढं एकच काम होतं. आमच्या खात्यात पण माणसं कमी करायचे तेव्हा कागदावर सगळं बरोबर असायचं. तुटलेला धागा कोण जोडणार, हे कागदावर नसायचं."

आता माझं मत, कारण हा मतांचा कॉलम आहे.

मी बिनतारी माऊसच्या विरोधात नाही. आजोबा आता खुर्चीत बसून मांडीवरच्या पुस्तकावर माऊस फिरवतात, तिथे तार अडचणच ठरली असती. पण 'वायरलेस म्हणजे पुढारलेलं' हे जे आपण डोक्यात धरून बसलोय ना, ते मला पटत नाही. आपल्या लॅबमध्ये तारवाले माऊस आहेत म्हणून आपण नाकं मुरडतो. साठ कॉम्प्युटर एका खोलीत असताना साठ सेल, साठ पत्ते आणि एकाच पट्ट्यात साठ जणांची कुजबुज सांभाळण्यापेक्षा साठ तारा बऱ्या! शिवाय रिसीव्हर हरवला की त्यावरच चालणारा चांगला माऊस कचऱ्यात जातो. लॅबने तारवाले माऊस ठेवले असतील तर तो गरिबीचा नाही, शहाणपणाचा निर्णय आहे.

दुसरं असं, की कुलुपं, विजेची मीटरं, दवाखान्यातली यंत्रं सगळीच हळूहळू बिनतारी होतायत. ती बनवणार आपणच आहोत. माऊसच्या चौथ्या कामाचा विसर पडला तो काही अडाणी लोकांना नाही, आपल्यासारख्याच डिग्रीवाल्यांना. काहीही काढून टाकण्याआधी ते काय काय करत होतं ह्याची यादी करायला आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला शिकवत नाहीत. वीज एका विषयात, रेडिओ दुसऱ्यात, सिक्युरिटी इलेक्टिव्हमध्ये. एक साधी वस्तू उघडून चारही कामं एकत्र दाखवणारं एक तरी प्रॅक्टिकल असावं असं मला मनापासून वाटतं. जुने माऊस लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतात, खर्चाची सबब चालणार नाही.

आणि तिसरं जरा वैयक्तिक. हे सगळं मला इंग्रजीत 'येत' होतं. आरएफ, पेअरिंग, फ्रीक्वेन्सी हॉपिंग... शब्द फेकले की व्हायवात बऱ्याचदा निभावून जातं. आजोबांसमोर निभावलं नाही, कारण त्यांना शब्द नको होता, काम कोण करतं ते हवं होतं. मराठीत सांगताना मी दर दोन मिनिटांनी अडखळले. त्यातली निम्मी अडखळण मराठीची होती, हे मान्य. उरलेली निम्मी मुळात विषय न समजल्याची होती. ती मला इतके दिवस दिसलीच नव्हती.

तेव्हा पुढच्या व्हायवाआधी एक करून बघा. आपला प्रोजेक्ट घरातल्या अशा कुणाला तरी समजावून सांगा, ज्यांना आपल्या इंग्रजी शब्दांचं काही कौतुक नाही. आणि त्यांनी 'का होतं?' असं विचारलं तर 'होतं असं' एवढं मात्र म्हणू नका.

बघा, पटतंय का. सबमिशनसाठी सगळ्यांना शुभेच्छा! आणि हो, रिसीव्हर हार्ड डिस्कपासून लांब लावा.